खडूसाहेबांचा चेहरा

पनवेलमध्ये ज्यांना सगळे खडूसाहेब म्हणत, ते मूळचे व्हिएन्नाचे. तिथून का निघालात, असे कोणी विचारले तर ते म्हणत, "तिथं लई थंडी हाय." दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर देश सोडलेल्या माणसाचे हे उत्तर अपुरे होते, पण याहून जास्त कोणालाही मिळाले नाही. लढाई चालू असताना सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पुरंदरवर नजरकैदेत ठेवले होते. सुटका झाल्यावर मुंबईला जाताना त्यांची मोटार पनवेलला बंद पडली. ती दुरुस्त होईपर्यंत त्यांनी रस्त्याकडेला मोळी टेकवून बसलेल्या एका कातकरी बाईचे चित्र काढायला घेतले. मोटार दुरुस्त होऊन गेली. चित्र अपुरे होते, म्हणून साहेब राहिले. पुढे ते पनवेलला असेपर्यंत कोणते ना कोणते चित्र अपुरेच होते.

त्यांची खोली चाकांच्या कारखान्यावर, माळ्यावर होती. पनवेलची बैलगाडीची चाके तेव्हा घाटावरही जात. मालक अण्णा यांच्या कारखान्यात सकाळपासून लोखंडी धावा, म्हणजे गोल पट्ट्या, तापवून चाकांवर ठोकण्याचे काम चाले. रंगीत खडूने काढलेले चित्र कागदाला चिकटत नाही, नुसते बसते. खाली घण पडला की वर एखाद्या कातकऱ्याच्या गालावरचा तांबूसपणा थोडा खाली उतरे. मग साहेब फळीवर काठी आपटून ओरडत, "अण्णा! नाक पडला!"

अण्णा खालून म्हणत, "साहेब, नाक परत काढता येतं. धाव थंड झाली तर चाक जातं."

हे रोजचेच असल्यामुळे कारखान्यातली गिऱ्हाईकेही मान वर करून पाहत नसत.

चित्र झडू नये म्हणून त्यावर फवारायचे एक द्रावण मुंबईत मिळत असे. त्याने रंग थोडा काळवंडतो, हे कारण सांगून साहेबांनी ते कधी आणले नाही. "धूल हाय ती धूल ऱ्हाव दे," असे ते म्हणत. पनवेलच्या पावसाला हे फार सोयीचे होते. खाडीची दमट हवा माळ्यावर शिरली की चित्रांवर बुरशी धरे आणि श्रावणापर्यंत चित्रातल्या तरुण माणसांचे केस पांढरे होत. गणपतीच्या सुमारास साहेब गेलेली चित्रे वडाळे तळ्यावर नेत, पायरीवर बसून धुऊन काढत आणि कागद दोरीवर वाळत घालत. धुणे धुणाऱ्या बायका त्यांना जागा करून देत. एका पावसाळ्यात किती चेहरे गेले, हे त्या दोरीवरून कळत असे. चित्रे टिकवायला प्रत्येकाला काच हवी होती, आणि एवढ्या चित्रांना काच लावण्याची त्यांची ऐपत नव्हती. यावर ते तक्रार करीत नसत. धुतलेला कागद दाखवून एवढेच म्हणत, "बग. मानूस गेला."

खडू ते स्वतः बनवीत. गेरू, विटेची पूड, चुना, हळद, कात आणि लाकडी कोळसा हे त्यांचे रंग. ते बांधायला लागणारा डिंक आणि कोळसा कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरवाडीतल्या बायका मोळीबरोबर आणून देत. ओल्या कांड्या वळून ते अण्णांच्या गच्चीवर वाळवीत. एका उन्हाळ्यात त्यांच्या शेजारीच वहिनींच्या, म्हणजे अण्णांच्या पत्नींच्या, कुरडया आणि सांडगे वाळत होते. पाहुणे आल्यावर घाईत वहिनींनी हळदीच्या रंगाच्या काही कांड्या तळल्या. त्या फुलल्या नाहीत. पाहुण्यांपैकी एकाने मात्र एक संपवली आणि "पीठ जरा जुनं आहे," असे सांगितले. साहेबांना हे कळल्यावर त्यांनी तळलेल्या उरल्यासुरल्या कांड्या मागून घेतल्या आणि कागदावर ओढून पाहिल्या. तेल लागलेला रंग त्यांना पसंत पडला नाही.

मराठी ते वाडीत शिकले. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात हाय आणि नाय होते, आणि जगातल्या सर्व माणसांना ते तू म्हणत. एका मामलेदारांना चित्र काढून घ्यायची हौस आली, तेव्हा साहेबांनी त्यांना स्टुलावर बसवले आणि सांगितले, "हालू नको. हाललास त तुजा कान शेजाऱ्याला जाल." मामलेदार हलले नाहीत. त्यांच्या पट्टेवाल्याने ही आज्ञा पुढे महिनाभर कचेरीत पुन्हा पुन्हा सांगितली.

पण खडूसाहेबांची खरी गंमत त्यांच्या बोलण्यात नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्यात होती, आणि त्यांना सोडून सर्वांना माहीत होती.

चित्र काढताना समोरच्या माणसाचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यावर येत असे. समोरच्याच्या भुवया जाड असल्या की यांच्या विरळ पिंगट भुवया खाली येत. समोरचा तिरळा असला की यांचा डोळा हळूहळू नाकाकडे सरके. हे ते मुद्दाम करीत नव्हते. हाताला जे सापडत नसे ते आधी तोंडाला सापडत असावे. हात थांबला की चेहरा पुन्हा व्हिएन्नाचा होई. मुंबईच्या एका दैनिकाचा पनवेलचा बातमीदार म्हणून मी बरीच वर्षे गावात होतो आणि अण्णांच्या ओट्यावर रोज चहाला असे. एका बैठकीत त्यांच्या लांब, गोऱ्या चेहऱ्यावर एक देवीचे वण असलेला कोळसेवाला, एक लग्न ठरलेली मुलगी आणि चांगी म्हातारी असे तिघे लागोपाठ येऊन गेलेले मी पाहिले आहेत.

चांगी ही वाडीतली सर्वांत वयस्कर बाई. दात एकही नव्हता. ओठ आत गेलेले, हनुवटी वर आलेली, आणि दोन्हींच्या मधे तंबाखूची गोळी. साहेबांनी सर्वांत जास्त वेळा तिचे चित्र काढले. त्यांच्या तोंडात सगळे दात होते. तरी तिचे तोंड काढायला घेतले की त्यांचे ओठ आत जात, हनुवटी वर येई आणि गालात नसलेली तंबाखू फिरू लागे. चांगी समोर बसून हे पाही. हसली तर चित्र बिघडेल, म्हणून ती हसत नसे. फक्त तिच्या डोळ्यांच्या कडा आणि नाकपुड्या तिला जुमानत नसत, आणि साहेब जे दिसेल ते प्रामाणिकपणे काढीत.

गावाची समजूत अशी होती, की साहेब कातकऱ्यांना बघायला बोलावतो. वाडीची समजूत उलट होती. मोळी विकून झाली की वाडीतली माणसे माळ्यावर साहेबांना बघायला जात. त्या लोकांचे दिवस सुखाचे नव्हते. जंगलात रखवालदार मोळी हिसकावून घेई, बाजारात गिऱ्हाईक ती फुकटात मागे. माळ्यावर मात्र बसायला मिळे, चहा मिळे, आणि एक गोरा माणूस आपल्यासारखेच तोंड करून बसलेला दिसे. मी चांगीला एकदा विचारले, "साहेबांना हे कोणी सांगत कसं नाही?"

"सांगितला त बंद करील ना तो," ती म्हणाली. "तू नको सांगू हां, पेपरवाल्या. तुजी सवय वाईट हाय."

मुंबईतल्या एका कलासंस्थेचे चिटणीस कोणाकडून तरी ऐकून मोटारीने पनवेलला आले, तेव्हा या गोष्टीला पहिल्यांदा महत्त्व आले. गृहस्थ भरदार होते, कपाळ मोठे होते आणि बोलण्यापूर्वी गाल फुगवून श्वास सोडण्याची त्यांना सवय होती. त्यांनी माळ्यावरची सर्व चित्रे पाहिली. काम त्यांना आवडले. संस्थेच्या दालनात प्रदर्शन भरवू, चित्रांना काचा लावू आणि नंतर ती संस्थेतच कायमची ठेवू, असे ते म्हणाले. साहेब चहाचा कप धरून उभे होते. तो त्यांनी खाली ठेवला. काच हा शब्द त्यांनी स्वतःशी पुन्हा उच्चारला.

"फक्त एक अडचण आहे," चिटणीस म्हणाले. "ही माणसं हसताहेत."

"हसत नाय," साहेब म्हणाले. "त्यांचा तोंडच तसा."

"सगळ्यांचं?"

"सगल्यांचा."

चिटणिसांनी गाल फुगवून श्वास सोडला. "आदिवासी म्हटला की त्याचं दुःख दिसलं पाहिजे. लोक ते बघायला येतील. मला गंभीर चेहरे द्या. पावसाआधी मी येतो."

साहेबांनी हे मनावर घेतले. पावसाला फार अवकाश नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चांगीला स्टुलावर बसवून सांगितले, "बय, आज दुखी बस."

"कनाला?"

"मुंबईला पायजे."

"मुंबईला आमचा दुख पायजे?" चांगीने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "त्यांच्यातला संपला काय?"

तरी ती बसली. रखवालदाराने नेलेला कोयता आठवला, मेलेली शेळी आठवली, आणि तिचा चेहरा खरोखर उतरला. साहेबांनी खडू उचलला. पाठोपाठ त्यांचे ओठ आत गेले आणि उतरलेला तोच चेहरा समोर तयार झाला. चांगीने आपली शेळी त्या तोंडाने आठवणारा साहेब पाहिला आणि पदर तोंडात कोंबला. सबंध आठवडा असाच गेला. गेलेला नवरा आठवणारी एक बाई तर स्टुलावरून उठून जिन्यात जाऊन बसली. खाली अण्णांना वाटले ती रडते आहे, म्हणून त्यांनी तिला पाणी दिले.

साहेबांची काळजी वाढत चालली होती. ते अण्णांना म्हणाले, "अण्णा, यांना दुख नाय काय? मीच काय चुकतो?"

अण्णा सरळ माणूस. त्यांना खोटे बोलता येत नसे आणि गप्पही बसता येत नसे. "साहेब, चूक तुमचीच आहे," असे म्हणून त्यांनी सगळे सांगितले. साहेबांचा विश्वास बसला नाही. वहिनींनी आतून आरसा आणला. साहेब आरसा शेजारी ठेवून माझे चित्र काढायला बसले, आणि अर्ध्या वाटेत त्यांनी आरशात पाहिले. तिथे माझे नाक वर करून बसलेले एक ओळखीचे थोबाड होते. ते बराच वेळ आरशाकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "वाडीला म्हाईत हाय?"

"पहिल्यापासून," अण्णा म्हणाले.

त्यानंतर साहेब तोंडाला पंचा बांधून काम करू लागले. नाकापासून हनुवटीपर्यंत पंचा, कपाळावर घट्ट ओढलेली टोपी, आणि मधे दोन न हलणारे डोळे. समोर बसणाऱ्यांना पाहण्यासारखे काही उरले नाही. ते गंभीर झाले. काही जण कंटाळले, एक जण बसल्या बसल्या झोपला. चिटणिसांना हवे होते तसे चेहरे भराभर तयार झाले. नाक, डोळे, कान सर्व जागच्या जागी होते. अण्णा ते पाहून म्हणाले, "चाक बरोबर गोल आहे, पण फिरत नाही." त्या दिवसांत खाली कितीही घण पडले तरी वरून काठी आपटली नाही.

चांगी शेवटी आली. तिचे नातेवाईक कळंबुसरे गावाकडे वीटभट्टीवर होते, त्यांच्याकडे ती गेली होती. पंच्याची बातमी तिला नव्हती. ती स्टुलावर बसली, तिने साहेबांकडे पाहिले आणि विचारले, "दात दुकतो?"

"नाय."

"मंग तोंड कुटं गेला?"

साहेब खडू घासत राहिले. चांगीने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने आपला पदर उचलला, नाकावरून ओढून मागे गाठ मारली, कपाळाला आठी घातली आणि डोळे न हलवता, ताठ मानेने, साहेबांच्या समोर साहेब होऊन बसली.

साहेबांचा हात थांबला. पंच्याच्या आतून आधी एक फुर्र असा आवाज आला. पनवेलला त्यांना हसताना कोणी पाहिले नव्हते, त्यामुळे खालून अण्णा काय पडले ते पाहायला वर धावले. साहेब पंचा गळ्यात ओढून हसत होते. चांगीही पदर सोडून, हिरड्या दाखवून, इतकी वर्षे दाबून ठेवलेले सगळे हसत होती. हसता हसताच साहेबांनी नवा कागद लावला. त्या बैठकीत त्यांचे तोंड किती वेळा चांगीचे झाले ते सांगता येणार नाही, कारण दोघांची तोंडे एकसारखीच उघडी होती. ते चित्र पाहिल्यावर अण्णांनी भट्टी विझवून कारखान्यातल्या माणसांना वर बोलावले. त्यांनी धंद्याच्या वेळेत भट्टी विझवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

ठरल्याप्रमाणे चिटणीस आले. साहेबांनी गंभीर चेहरे ओळीने लावले होते. चांगीचे हसरे चित्र खिडकीशी होते. चिटणीस ओळ पाहून "हेच!" म्हणाले. चांगीच्या चित्रापुढे त्यांनी गाल फुगवून श्वास सोडला. "हे सोडून सर्व नेऊ. ट्रक पाठवतो. काचांचं सांगून ठेवलं आहे."

इथे काम संपले होते. पण चिटणीस स्टुलावर बसले आणि कोट सारखा करून म्हणाले, "जाता जाता माझंही एक होऊन जाऊ द्या."

माळ्यावर त्या वेळी अण्णा होते, मी होतो आणि जिन्यात मोळ्या विकून आलेल्या चांगी आणि इतर बायका होत्या. अण्णांना पुढचे दिसले. त्यांनी खुंटीवरचा पंचा काढून साहेबांच्या हातात दिला आणि ते हळूच म्हणाले, "साहेब, बांधा. काचा आहेत."

साहेबांनी पंच्याकडे पाहिले. मग ओळीने लावलेल्या त्या चेहऱ्यांकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. पंच्याने त्यांनी बोटांवरचा जुना रंग सावकाश पुसला, पंचा पुन्हा खुंटीला टांगला आणि खडू उचलला.

"हालू नको," ते चिटणिसांना म्हणाले.

पहिल्यांदा कपाळ मोठे झाले. साहेबांची टोपी मागे सरकली आणि तिच्याखालून सभा उघडायला निघालेले एक कपाळ बाहेर आले. मग हनुवटी गळ्यात बसली. मग गाल फुगले. खडू गालांवर होता तोवर ते फुगलेलेच राहिले, आणि शेवटी त्यांतून तोच श्वास, तितक्याच विचाराने, बाहेर पडला. जिन्यात कोणाची तरी मोळीची दोरी हातातून सुटली. चांगीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. बायका एकमेकींच्या खांद्यात डोके खुपसून हलत होत्या.

"हा काय प्रकार आहे?" चिटणीस उठून उभे राहिले.

"तुजा चेहरा हाय," साहेब म्हणाले. "बस. अजून दुख यायचा हाय."

ट्रक आला नाही.

त्या रात्री साहेब जेवले नाहीत, असे वहिनी सांगत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचा बांधून काढलेली सर्व चित्रे तळ्यावर नेऊन धुतली. बाकीच्या चित्रांचे काय करायचे, हे त्यांना सुचत नव्हते. ढग यायला लागले होते. चांगी नेहमीप्रमाणे चहाला आली, तेव्हा साहेब खिडकीशी तिच्या चित्राच्या वर आलेल्या ओलीकडे पाहत बसले होते. तिने कारण विचारले, त्यांनी सांगितले.

"मना दे माजा मी," ती म्हणाली. "चुलीवर टांगीन."

वाडीत पावसाळ्यासाठी राखलेले बियाणे आणि सुकी मासळी चुलीवरच्या आढ्याला टांगतात. धुरात बुरशी येत नाही. साहेबांनी बराच विचार केला. धुराने रंग काळवंडणार, हे त्यांना माहीत होते. त्यांनी द्रावण का नाकारले होते, याची अण्णांनी त्यांना त्याच वेळी आठवण करून दिली. साहेब म्हणाले, "धूरबी धूलच हाय, अण्णा." मग पाऊस येण्यापूर्वी ज्याचे त्याला, अशी सर्व चित्रे वाडीत गेली. मोळी घेऊन आलेली माणसे स्वतःचे तोंड दोन फळ्यांत धरून, ते झडू नये म्हणून, जपून पावले टाकत परत जाताना आम्ही ओट्यावरून पाहिली.

साहेब त्यानंतर काही वर्षांनी वारले. आजार लहान होता आणि त्यांनी तो कोणाला सांगितला नाही. शेवटचे चित्र अपुरे होते. पाच-सहा ओळींची बातमी तयार करून मी पाठवली, तेव्हा मुंबईच्या कचेरीतून फोटोची मागणी आली. साहेबांचा फोटो कोठेही नव्हता. कॅमेरा समोर आला की ते उठून जात. अण्णांच्या घरातल्या लग्नाच्या फोटोत त्यांची फक्त पाठ होती. सगळ्या गावाचे चेहरे काढलेल्या या माणसाचा चेहरा कोणी काढलेला नव्हता.

वाडीत कोणाकडे काही असेल, म्हणून मी बाजारातल्या फोटोग्राफरला घेऊन गेलो. चांगीच्या झोपडीत चुलीवर दोन फळ्यांत कागद टांगलेला होता. त्याला बुरशीचा एक ठिपका नव्हता. पण इतक्या पावसाळ्यांच्या धुराने तो काळा पडला होता. हिरड्यांचा थोडा गुलाबी भाग तेवढा अजून दिसत होता.

मी तिला येण्याचे कारण सांगितले. ती म्हणाली, "त्याचा फोटो नाय. तो कसा दिसायचा ते पायजे काय?"

"हो."

ती दारात उजेडाला येऊन बसली. तिने डोळे बारीक केले, मान किंचित तिरकी केली आणि उजव्या हाताची बोटे नसलेल्या खडूवर मिटली. मग तिने ओठ आत घेतले, मुळात आत असलेले ओठ, आणि हनुवटी वर आणली. ती स्वतःचे तोंड करीत होती, पण जसे साहेब करीत तसे. दारात जमलेल्या बायका हसू लागल्या. एकीने मागच्यांना सांगितले, "आला गं आला, खडूबाबा आला." फोटोग्राफरने साहेबांना पुष्कळदा पाहिले होते. काही न विचारता त्याने कॅमेरा उचलला.

फोटो मुंबईला गेला. कचेरीतून विचारणा आली, की पाकिटातला फोटो एका म्हाताऱ्या बाईचा दिसतो, चूक झाली आहे काय.

चूक नाही, असे मी कळवले.